पेन्शन चालू आहे, मग माणूस देवळात का झोपतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही साताऱ्यात समाजशास्त्रात एम.ए. करताय आणि लघुप्रबंधासाठी ‘माजी सैनिकांमधलं बेघरपण’ हा विषय घेतलाय. मार्गदर्शक म्हणाले, हा अमेरिकेतला प्रश्न आहे, आपल्याकडे फौजीला पेन्शन असते, घर असतं, रान असतं, तेव्हा विषय बदला. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तुम्ही लिहिलंय की तुमचे चुलते १७ वर्षं मिलिटरीत काढून आले आणि गेली दोन वर्षं गावाबाहेरच्या देवळाच्या ओवरीत झोपतात. दारूमुळे घरातून बाहेर काढलंय, पेन्शन चालू आहे, मग त्यांना बेघर म्हणायचं का?

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा शेवटचाच आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर देते. हो, म्हणायचं. पेन्शन चालू असली तरी, सातबाऱ्यावर नाव असलं तरी.

मी मिरजेत समाजकार्यकर्ती आहे. २२ वर्षं झाली. सुरुवातीची काही वर्षं मानसोपचार विभागात गेली, त्यानंतर बेघर माणसांबरोबर. माझे वडील हवालदार म्हणून पेन्शनीवर आले, त्यामुळे हा विषय मी घरातूनही पाहिलाय. मिरज जंक्शन आहे आणि दवाखान्यांचं गाव आहे. कर्नाटकातून, सोलापूरकडून, कोल्हापूरकडून माणसं इथं उतरतात आणि काही जण उतरतात ते परत गाडीत बसत नाहीत. त्यांच्यात मला वर्षातून दोन-तीन तरी फौजी भेटतात.

ते ओळखू कसे येतात, ते सांगते. पहाटेच्या फेरीत फलाटाच्या टोकाला एक गृहस्थ दिसायचे, पंचावन्नच्या आसपासचे. डोक्याखाली काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावरचा पांढऱ्या रंगातला नंबर पुसट झालेला. आजूबाजूची माणसं अजून झोपलेली असताना हे उठून, नळावर फुटक्या आरशात बघून दाढी करून बसलेले असत. कांबळ्याची घडी मात्र मी विसरणार नाही. चारी कडा एकावर एक, पट्टीने आखल्यासारख्या, आणि शेजारी टाचा जुळवून ठेवलेले बूट. माझे वडील घरी अशीच घडी घालायचे, आईनं घातलेली मोडून. मी विचारलं, “कुठले?” म्हणाले, “जतकडचा.” घर आहे का? “आहे की. भाऊ असतो.” मग गावी कधी जाता? तर म्हणाले, “सुट्टी मिळाली की.”

पेन्शनीवर येऊन त्यांना तेव्हा १४ वर्षं झाली होती.

आता तुमच्या मार्गदर्शकांचा मुद्दा. ते चुकीचं बोलत नाहीत, पण ते फार थोड्या जागेत बघतायत. युरोपातल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या महासंघाने २००५ साली बेघरपणाची एक वर्गवारी मांडली. तिच्यात चार गट आहेत: डोक्यावर छप्परच नसलेले; छप्पर असलेले, पण ते निवारा केंद्राचं किंवा संस्थेचं; घर असलेले, पण त्या घरातून कधीही बाहेर काढले जाऊ शकतील असे; आणि राहण्यालायक नसलेल्या जागेत राहणारे. आपली जनगणना यातला पहिलाच गट मोजते. २०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री फुटपाथवर, पुलाखाली, ह्यूम पाइपात, फलाटावर, देवळाच्या आवारात झोपलेल्यांची गणती झाली आणि देशभरात सुमारे १७.७ लाख माणसं निघाली. पण यातला कोण सैन्यात होता, हा रकाना त्या फॉर्मात नव्हता. अमेरिकेत दर जानेवारीत एका रात्री बेघरांची गणती होते आणि त्यात लष्करी सेवेचा प्रश्न विचारतात. तिथला प्रश्न दिसतो याचं निम्मं कारण, तिथं तो विचारला जातो.

आपल्याकडे आणखी एक पडदा आहे, तो लाजेचा. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं, पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ ला साताऱ्यात निघाली. ज्या भागात गल्लीच्या तोंडाशी शहिदांची कमान असते, तिथं ‘आमचा फौजी बाहेर झोपतो’ असं कोण सांगेल? घरचे सांगतात, “ते वस्तीवर असतात.” तो स्वतः सांगतो, “देवाची सेवा करतो.” गोठ्याच्या माळ्यावर, पंपाच्या खोपटात, ढाब्याच्या मागच्या खाटेवर, कुणाच्या तरी बांधकामावर राखणीला: आपले बेघर फौजी इथं असतात. तुम्ही साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर शोधायला गेलात तर मार्गदर्शकच बरोबर ठरतील.

अमेरिकेबद्दल थोडं. आपल्याकडे, आणि तिथंही, समज असा की युद्धातून आलेला माणूस डोक्यानं खचतो आणि रस्त्यावर येतो. धक्का खोटा नाही. रात्री ओरडत उठणारी माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. पण १९९०च्या दशकात रॉबर्ट रोझेनहेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बेघर पुरुषांचा अभ्यास केला तेव्हा असं दिसलं की सर्वाधिक धोका व्हिएतनाममध्ये लढलेल्यांना नव्हताच. तो होता त्यांच्या पाठच्या पिढीला, म्हणजे १९७३ साली सक्तीची भरती संपल्यावर स्वखुशीने सैन्यात गेलेल्यांना. त्यातल्या बहुतेकांनी युद्ध पाहिलंही नव्हतं. पण सक्ती उठल्यावर सैन्यात कोण गेलं? ज्यांना गावात काम नव्हतं, ज्यांच्या पाठीमागे घरचा आधार कमी होता ते. धोका ते बरोबर घेऊनच सैन्यात गेले होते आणि सैन्यानं तो काही वर्षं झाकून ठेवला.

दुसरी गोष्ट आकड्यांची. २०१० च्या गणतीत तिथं सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर होते, २०२४ ला सुमारे ३३ हजार. एकूण बेघर मात्र मधली काही वर्षं घटून पुन्हा वाढले आणि २०२४ ला ७ लाख ७० हजारांच्या वर गेले. म्हणजे माजी सैनिकांसाठी काहीतरी वेगळं झालं. काय झालं, तर सरकारने त्यांना भाड्याचं व्हाउचर दिलं आणि व्हाउचरबरोबर पाठपुरावा करणारा समाजकार्यकर्ता दिला. युद्धाच्या आठवणी १४ वर्षांत निम्म्या होत नसतात. तुमच्या प्रबंधात ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवा. ‘व्यक्तीचा दोष’ या समजुतीला याहून भक्कम उत्तर मला माहीत नाही.

पण अमेरिकेचं चित्र उचलून आपल्या माण-खटाव तालुक्यांवर ठेवू नका. तिथं २० वर्षं नोकरी झाल्याशिवाय निवृत्तिवेतन नाही, त्यामुळे बहुतेक जण पेन्शनशिवायच बाहेर पडतात. आपल्याकडे जवान १५ वर्षांत पेन्शनपात्र होतो. आपला बेघर फौजी बहुधा पेन्शनवाला असतो, हे आपलं वेगळेपण, आणि समजून घ्यायचं तेही हेच. बघा, पैसा आहे आणि तरी दार नाही.

याचं उत्तर मला त्याच्या निवृत्तीनंतरच्या काळात कधी सापडलं नाही. ते त्याच्या नोकरीच्या काळात सापडतं. इथं मी जरा थांबणार आहे.

माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा कमी पावसाचा पट्टा. एका रानावर चार भाऊ जगत नाहीत हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक. म्हणून एक मुंबईला माथाडीत, एक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखात, एक भरतीत, आणि एक घरी गुरं-शेती-म्हातारी माणसं बघायला. हा कुणी कागदावर केलेला करार नसतो, पण करारच असतो. भरतीत गेलेल्यानं पैसे पाठवायचे. तो पाठवतो. १७ वर्षं पाठवतो. त्या पैशात बहिणीचं लग्न होतं, बोअर पडते, पत्रा जाऊन स्लॅब येतो. घरात त्याची जागा हळूहळू त्याच्या पैशानं भरून निघते आणि माणूस तिथं नसतो.

मग कधीतरी वडील जातात. हा सीमेवर, पोचतो तो दहाव्याला. वारसनोंद, फेरफार, वाटणी हे सगळं ‘पुढच्या सुट्टीत बघू’वर राहतं आणि राहतं ते राहतंच. गावठाणातलं नवं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, भावाच्या नावावर लागतं, कारण ग्रामसेवक आला त्या दिवशी घरात भाऊ होता. प्रत्येक वेळी यात कट नसतो, हे मी आग्रहानं सांगते. जतच्या त्या गृहस्थांच्या भावाला मी भेटले तेव्हा तो म्हणाला, “त्यानं पैसं पाठवलं, कबूल. पण आईचं हागणं-मुतणं सात वर्षं मी आन् माझ्या बायकूनं काढलं. त्याचा हिशेब कुठं मांडायचा?” मला याला उत्तर देता आलं नाही. दोघांची बेरीज खरी होती. फक्त एकाची बेरीज उताऱ्यावर चढली होती.

निवृत्तीच्या वर्षी हा माणूस गावात मोठा असतो. ग्रॅच्युइटी, फंड, विम्याचे पैसे, आणि त्यात कम्युटेशन. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: सैनिकाला आपल्या पेन्शनचा ५० टक्क्यांपर्यंत भाग एकरकमी उचलता येतो, आपल्याकडे याला सरळ ‘पेन्शन विकली’ म्हणतात. उचललेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो, तोपर्यंत हातात अर्धीच. अडतिसाव्या वर्षी आलेल्या माणसाकडे एक रक्कम असते आणि तिच्यावर नजर ठेवून असलेलं आख्खं भावकीचं वर्तुळ असतं. पुतण्याचं डोनेशन, ट्रॅक्टरचा हप्ता, सोसायटीचं थकलेलं कर्ज. तो नाही म्हणू शकत नाही, कारण १७ वर्षं घरात त्याचं काम देण्याचंच होतं. दोन वर्षांत रक्कम संपते. मग मुलं शिकायच्या वयाची, पेन्शन अर्धी आणि हा दिवसभर घरात. पैशाची जागा रिकामी झालेली असते आणि माणसाची जागा कधी तयारच झालेली नसते.

म्हणून माझं म्हणणं असं की बाहेर काढलं जाण्याची तारीख आणि बेघर होण्याची सुरुवात यांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर असू शकतं. तुमच्या चुलत्यांच्या बाबतीत तसंच असेल असं मी न भेटता म्हणणार नाही. विभक्त कुटुंब असेल, घर स्वतःच्या नावावर असेल, बायको नोकरी करणारी असेल, तर गोष्ट वेगळ्या वाटेनं जाते.

समाजशास्त्रातले जे लोक मला यात कामाला आले, त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगते. अर्विंग गॉफमनने १९६१ साली मांडलं की तुरुंग, मनोरुग्णालय, मठ आणि बराक या एकाच घाटाच्या संस्था आहेत: झोप, काम, जेवण, कपडे, सगळं एकाच छताखाली, एकाच हुकमाखाली. तिथून बाहेर आलेल्याला साध्या निर्णयांची सवय राहत नाही. आपल्याकडे मात्र याला एक जोड द्यावी लागते. आपला पोरगा १८ व्या वर्षापर्यंत आईच्या चुलीवर, मग पलटणीच्या लंगरवर, आणि मग एकदम बायकोच्या गॅसवर. लाइटबिल भरलेलं नाही, तलाठ्याशी हुज्जत घातलेली नाही, पोरांच्या शाळेत कधी गेलेला नाही. घर चालवणं म्हणजे काय, हे त्याला दोन्हीकडं कुणी करूच दिलं नाही. आल्फ्रेड शुट्झने १९४५ ला, महायुद्ध संपताना, घरी परतणाऱ्या सैनिकाबद्दल लिहिलं की तोही बदललेला असतो, घरही बदललेलं असतं आणि दोघंही जुन्याच एकमेकांची वाट बघत असतात. आणि फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रोबेर कास्तेल म्हणतो, माणूस समाजाला दोन दोरांनी बांधलेला असतो, एक कामाचा आणि एक नात्यांचा. दोन्ही सुटले की तो वाहत जातो. पेन्शनमुळे आपल्याला वाटतं कामाचा दोर शाबूत आहे. तो नसतो. पेन्शन हे उत्पन्न आहे, काम नाही. सकाळी सहाला दाढी करून तयार होणाऱ्या माणसाला सातला कुठं जायचं हे पेन्शन सांगत नाही.

दारूबद्दल तुम्ही एका शब्दात लिहिलंय, मला वाटतं तिथं थोडं खोदा. क्रम तपासा. दारूमुळे जागा गेली की जागा गेल्यामुळे दारू वाढली? मी दोन्ही क्रम पाहिलेत. मिलिटरी कॅन्टीनमधून मिळणारा दारूचा महिन्याचा कोटा गावात काय करतो तेही बघा. ज्याला एरवी कुणी विचारत नाही, त्याच्याकडे कोट्याच्या दिवशी पाच जण येऊन बसतात. ‘साहेब’ म्हणतात. बाटली हे त्याच्या हातात उरलेलं शेवटचं देणं असतं.

आता एक गोष्ट, जी असे प्रबंध लिहिताना हमखास सुटते. तुमच्या चुलतीशी बोलला आहात का? फौजीची बायको १७ वर्षं घर एकटीनं चालवते. सासू-सासरे, दीर-जावा, पोरांची आजारपणं, रात्री कडी लावून उशाशी विळा घेऊन झोपणं. कागदावर नसेल, पण ती घरची कर्ती असते. मग नवरा येतो आणि पहिल्या महिन्यात भांड्यांच्या फळीपासून पोरांच्या झोपेच्या वेळेपर्यंत हुकूम सुटायला लागतात. काही घरांत हे भांडणावर थांबतं. काही घरांत हात उठतो. तिनं दार लावलं असेल तर का लावलं, हे विचारल्याशिवाय त्याच्या बेघरपणावर एक ओळही लिहू नका. काही माणसं घराबाहेर आहेत हेच त्या घरासाठी बरोबर असतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला राहत्या घराचा हक्क दिलाय तो यासाठीच. अशा वेळी माझं काम त्याला घरी परत नेऊन सोडणं नसतं, त्याला दुसरं दार मिळवून देणं असतं. आणि बेघर सैनिक म्हटल्यावर सैनिकाची विधवाही मोजा. लग्नाची नोंद पलटणीच्या कागदांत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरला, झालेलीच नाही म्हणून जिची फॅमिली पेन्शन अडली आणि सासरी जिला ‘तुझं इथं काय’ म्हणाले, अशा तिघी जणी माझ्या वहीत आहेत.

जातीचा धागाही साताऱ्यातच तुमच्या हाताशी आहे. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला येऊन राहिले, धाकट्या भीमरावांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातलं गेलं. सुभेदाराचा हुद्दा, पेन्शन, वर शिक्षण, सगळं असूनही अस्पृश्य पेन्शनराला गावात कुठं राहता येईल हे जात ठरवायची. सव्वाशे वर्षांत कायदे बदलले. पण मी एखाद्या फौजीसाठी खोली बघायला जाते तेव्हा घरमालकाचा पहिला प्रश्न अजून “कोणाचे?” असाच असतो, दुसरा “एकटेच का?” आणि तिसरा “पितात का?” पेन्शन किती हा प्रश्न चौथा.

नोकरीतून बेघर होण्याची एक वाट आहे, ती लवकर सांगून टाकते. बरेच माजी सैनिक सिक्युरिटीत जातात. पुण्या-मुंबईच्या साइटवर बारा तासांची ड्यूटी आणि राहायला तिथंच एक खोली. काम सुटलं की त्याच संध्याकाळी खोली सुटते. जतचे गृहस्थ असेच मिरजेत उतरले होते. गोदामावरचं काम गेलं, ट्रंक उचलली, गावी जायला म्हणून गाडीत बसले आणि पुढची गाडी पकडलीच नाही.

मग पेन्शन? तीही दीड वर्ष बंद होती. कारण साधं होतं. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. आता तो बहुतेक ऑनलाइन होतो, संरक्षण खात्याच्या ‘स्पर्श’ या पेन्शन प्रणालीवर, आणि ओटीपी मोबाइलवर येतो. मोबाइल फलाटावर चोरीला गेला, नंबर बंद पडला, दाखला गेला नाही, पेन्शन थांबली. पेन्शन थांबली म्हणून नवा मोबाइल नाही. छप्पर गेल्यावर कागद कसे जातात आणि कागद गेल्यावर छप्पर परत का मिळत नाही, याचं हे वेटोळं प्रबंधात जसंच्या तसं मांडा. हे सिद्धान्तापेक्षा कमी नाही.

त्यांचं पुढं काय झालं तेही सांगते. आधी आम्ही त्यांना महापालिकेच्या निवारा केंद्रात न्यायचा प्रयत्न केला. नाही म्हणाले, “फुकटचं खाणार नाही.” मग केंद्रावर रात्रीची हजेरी लिहायला माणूस हवाय असं सांगितलं, खरंच हवा होता, तेव्हा आले. हजेरीची वही त्यांनी स्केलनं आखून घेतली. आधार, डिस्चार्ज बुकाची, म्हणजे सैन्यातून सुटल्याच्या पुस्तिकेची नक्कल, नवा नंबर, दाखला यात चार महिने गेले. थकलेली पेन्शन जमा झाल्यावर मिरजेतच एक खोली भाड्यानं घेतली. दारू सोडण्याची अट मी घातली नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून सॅम त्सेंबेरिस यांनी हीच गोष्ट करून दाखवली: आधी घराची किल्ली द्यायची, सुधारण्याची अट त्या किल्लीला बांधायची नाही. आपल्याकडे उलटं चालतं. आधी व्यसनमुक्ती, मग घरचे विचार करतील. ओवरीत झोपून कुणाची दारू सुटलेली मी पाहिलेली नाही. हे गृहस्थ अजून पितात, महिन्यातून तीन-चारदा. भाडं एक तारखेला देतात. गावी गेलेले नाहीत, भाऊ दिवाळीत येऊन गेला.

ज्यांना पेन्शनच नाही त्यांचं वेगळं आहे. १५ वर्षं भरण्याआधी शिस्तीच्या कारणानं काढलेले यात येतात, त्यांची अवस्था फार वाईट असते, आणि त्यांच्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. माजी सैनिकाचा दर्जा आहे पण पेन्शन नाही अशा ६५ वर्षांवरच्या, हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यांतल्या लोकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिन्याला ४,००० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज होतो. ६५ च्या खालच्यांचं काय, हे विचारायला मला तुमच्यासारखी अभ्यास करणारी माणसं हवी आहेत.

आणि अग्निवीर. जून २०२२ ला योजना जाहीर झाली, चार वर्षांची सेवा, जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे, आणि पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरत जातील. म्हणजे आपल्या जिल्ह्यांत पेन्शन नसलेल्या तरुण फौजींची पिढी परत येते आहे. अमेरिकेतल्या त्या १९७३ नंतरच्या पिढीची मला आठवण होते ती यासाठी. तरी घाईनं निष्कर्ष काढू नका. चार वर्षांत घरातली जागा बुजत नाही, पोरगा पंचविशीच्या आसपास येतो, नवं काही शिकू शकतो. तो कुठल्या घरात परततो, त्या घराचं कर्ज किती, सेवानिधी कुणाच्या हातात जातो, यावर सगळं ठरेल. मार्गदर्शकांना हा मुद्दा दाखवा. विषय बदलायला सांगणार नाहीत.

प्रबंधासाठी एकच सूचना. “तुम्ही बेघर आहात का?” असं विचारत फिरू नका, कुणी हो म्हणणार नाही. गेल्या महिन्यात रात्री कुठं कुठं झोपलात, जिथं झोपता तिथून उठवायचा अधिकार कुणाला आहे, घरी गेलात तर कुठं बसता, सोप्यात की आत, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला माणसं गप्प होतात. ती गप्पही लिहून घ्या.

आणि चुलत्यांचं. पेन्शन चालू आहे म्हणताय, तर ती कुणाच्या हातात पडते ते आधी बघा. पासबुक आणि एटीएम कार्ड त्यांच्याकडे आहे का? हयातीचा दाखला कधी भरायचाय ते पाहून ठेवा. चुलतीशी स्वतंत्र बोला, समजूत घालायला नाही, ऐकायला. रात्री खोकला, ताप असेल तर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड शोधा, नसेल तर अर्ज करा. तालुक्याच्या गावी एखादी खोली त्यांच्या पेन्शनीत बसते का याची चौकशी करून ठेवा, पण बघायला त्यांनाच घेऊन जा. सैनिक कल्याण कार्यालयात जाल त्या दिवशी सकाळी देवळात गेलात तर ते तुमच्या आधी तयार होऊन बसलेले असतील. डिस्चार्ज बुक त्यांच्याच हातात राहू द्या आणि खिडकीवर नाव, नंबर, पलटण त्यांनाच सांगू द्या.